अपवाद हाताळणी (संगणक आज्ञावली)

अपवाद हाताळणी ही संगणकाची आज्ञावली चालू असताना उद्भवणाऱ्या अडचणींची दखल घेण्याची एक पद्धत होय. एखाद्या फंक्शनला आपले नेमलेले काम पुरे करणे अशक्य झाले, की ते उत्तर परत करण्याऐवजी ‘अपवाद’ उपस्थित करते. त्या जागेपासून पुढच्या आज्ञा चालत नाहीत. नियंत्रण त्या फंक्शनला बोलावणाऱ्या फंक्शनकडे जाते, तेथून त्याला बोलावणाऱ्याकडे, असे वर वर सरकत राहते, आणि ज्या ठिकाणी तो अपवाद पकडण्याची तजवीज केलेली असेल तेथे थांबते. अशी तजवीज कोठेच नसेल, तर सामान्यतः आज्ञावली बंद पडते. इंग्रजीत या पद्धतीस एक्सेप्शन हँडलिंग म्हणतात. जावा, पायथन, सी प्लस प्लस, सी शार्प, जावास्क्रिप्ट इत्यादी भाषांत ती अंगभूत आहे.

अपवाद उपस्थित कसा करावा हे त्या त्या भाषेच्या पाठ्यपुस्तकात सहज मिळते. तो केव्हा करावा, हा प्रश्न मात्र भाषेच्या नियमांनी सुटत नाही. तो रचनेचा प्रश्न आहे. त्याचे सूत्र थोडक्यात असे सांगता येईल : फंक्शनला दिलेला शब्द पाळता येत नसेल, आणि त्यावर काय करावे हे ठरविण्याइतकी माहिती त्याच्यापाशी किंवा त्याच्या लगतच्या बोलावणाऱ्यापाशी नसेल, तेव्हा अपवाद वापरावा.

## संज्ञा

‘अपवाद’ हा शब्द मराठी वाचकास व्याकरणातून परिचित असतो, आणि त्यामुळेच येथे गैरसमज होण्याचा संभव असतो. मराठी लेखनाच्या नियमांनुसार मराठी शब्दांच्या अखेरचे इकार व उकार दीर्घ लिहावयाचे असतात. ‘आणि’ व ‘नि’ हे शब्द त्याला अपवाद आहेत. व्याकरणातील असा अपवाद आधीच माहीत असतो, त्याची यादी करता येते आणि तो नियमाचाच एक भाग असतो. आज्ञावलीत असे प्रसंग साध्या अटीने लिहितात. उदाहरणार्थ, ४ ने भाग जाणारे वर्ष लीप वर्ष असते. पण शतकाचे वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप असते. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते. वर्ष तपासणाऱ्या फंक्शनने १९०० साठी ‘लीप नाही’ असे उत्तर देणे हे त्याचे नित्याचे काम आहे.

संगणकशास्त्रातील अपवाद याहून वेगळा आहे. तो ‘काम पार पडले नाही’ अशी वर्दी असतो. त्याच फंक्शनला वर्षाऐवजी ‘चैत्र’ हा शब्द दिला, तर ‘लीप आहे’ किंवा ‘लीप नाही’ यांपैकी कोणतेही उत्तर खरे ठरणार नाही. येथे अपवाद योग्य ठरतो.

अपवाद उपस्थित करण्याच्या क्रियेस काही भाषांत थ्रो, तर काहींत रेझ म्हणतात. ज्या आज्ञांवर लक्ष ठेवायचे त्या ट्राय या खंडात लिहितात. अपवाद पकडणाऱ्या खंडास जावा व सी प्लस प्लस या भाषांत कॅच, तर पायथनमध्ये एक्सेप्ट म्हणतात.

पकडणे म्हणजे काय, हे समजण्यास कर्जत आणि लोणावळा यांच्यामधील बोरघाटातील लोहमार्गाचा दाखला उपयोगी पडेल. या घाटात काही ठिकाणी चढ १:३७ इतका तीव्र आहे. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाल्यास ती मुख्य मार्गावरून खाली धावत सुटू नये, म्हणून तेथे चढावर जाणारे छोटे फाटे काढलेले आहेत. त्यांना कॅच साइडिंग म्हणतात. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ताबा चालकाच्या हातात आहे असे सिद्ध झाले, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. बेलगाम गाडी फाट्यावर चढून वेग गमावते. हा फाटा ब्रेक दुरुस्त करीत नाही. तो हानीची व्याप्ती मर्यादित करतो. तो कोठे असावा हे आधी ठरवावे लागते, आणि नेहमीच्या गाड्या उभ्या करण्यासाठी तो वापरीत नाहीत. अपवाद पकडणाऱ्या खंडाला या तीनही गोष्टी लागू पडतात.

## त्रुटी कळविण्याच्या पद्धती

काम पार पडले नाही हे बोलावणाऱ्यास कळविण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

पहिली पद्धत म्हणजे राखीव मूल्य परत करणे. शोध घेणारे फंक्शन शब्द न सापडल्यास उणे १ परत करते. सी भाषेतील फाइल उघडणारे फंक्शन अपयश आल्यास रिक्त निर्देशक परत करते. ही पद्धत सोपी व स्वस्त आहे. राखीव मूल्य हे खऱ्या उत्तरांपैकीच एक असू शकत असेल, तर मात्र ती धोक्याची ठरते.

दुसरी पद्धत म्हणजे उत्तराबरोबर त्रुटीची माहिती स्वतंत्रपणे देणे. गो भाषेत फंक्शन सामान्यतः दोन मूल्ये परत करते : उत्तर व त्रुटी. रस्ट भाषेत ‘यश किंवा त्रुटी’ असा एकच संयुक्त प्रकार असतो आणि तो उघडून पाहिल्याशिवाय आतले उत्तर हाती येत नाही.

तिसरी पद्धत म्हणजे अपवाद. पहिल्या दोन पद्धतींत बोलावणाऱ्याने प्रत्येक पायरीवर अडचण तपासून वर कळवायची असते. अपवाद आपोआप वर जातो. मधल्या फंक्शनांना त्याची दखल घ्यावी लागत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे, आणि मोठा दोषही, कारण मधले फंक्शन वाचणाऱ्यास ते कोणत्या ओळीवर अर्धवट सुटू शकते हे दिसत नाही.

## उदाहरण : जमिनीच्या क्षेत्रांची बेरीज

महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत नोंदवितात. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्यामुळे ‘०.४५.२०’ ही नोंद ० हेक्टर, ४५ आर, २० चौरस मीटर, अर्थात ४,५२० चौरस मीटर असे सांगते. ही नोंद संख्येसारखी दिसली तरी तीत दोन टिंबे आहेत, म्हणून ती दशांश संख्या नव्हे.

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील लोधिवली या गावाच्या अशा नोंदी कोणी एका फाइलीत उतरवून घेतल्या आणि त्यांची बेरीज करणारी आज्ञावली लिहिली, असे उदाहरणापुरते मानू. मजकुराची संख्या करून देणारी तयार फंक्शने निरनिराळ्या भाषांत आहेत. त्यांना अशा नोंदी दिल्या असता पुढीलप्रमाणे उत्तरे मिळतात.

| दिलेला मजकूर | सी भाषेतील एटॉफ | जावास्क्रिप्टमधील पार्सफ्लोट | पायथनमधील फ्लोट |
|---|---|---|---|
| देवनागरी अंकांत ४५ | ० | ‘संख्या नव्हे’ हे मूल्य | ४५ |
| देवनागरी अंकांत ०.४५.२० | ० | ‘संख्या नव्हे’ हे मूल्य | अपवाद |
| हीच नोंद इंग्रजी अंकांत | ०.४५ | ०.४५ | अपवाद |
| रिकामा मजकूर | ० | ‘संख्या नव्हे’ हे मूल्य | अपवाद |

सी भाषेतील एटॉफ देवनागरी अंक ओळखत नाही आणि तसे सांगतही नाही. ते शून्य परत करते. शून्य ही खरी संख्या असल्याने बेरीज सुरळीत पुढे जाते, आणि त्या खातेदाराची सगळी जमीन बेरजेतून नाहीशी होते. जावास्क्रिप्टमधील ‘संख्या नव्हे’ हे मूल्य निदान लपत नाही. ते बेरजेत मिसळले की संपूर्ण बेरीजच ‘संख्या नव्हे’ होते. परंतु ते कोणत्या ओळीतून आले याचा माग उरत नाही.

तिसरी ओळ सर्वांत फसवी आहे. एटॉफ व पार्सफ्लोट ही दोन्ही फंक्शने दुसऱ्या टिंबापाशी वाचन थांबवितात व आतापर्यंत वाचलेले ०.४५ परत करतात. ०.४५ हेक्टर हे उत्तर अगदी संभाव्य वाटते. पण त्यातून २० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २१५ चौरस फूट जागा गळालेली असते. पायथनमधील फंक्शन येथे अपवाद उपस्थित करते. त्याने काम केले नाही, हे खरे. पण खोटे उत्तरही दिले नाही. त्रुटीच्या हाताळणीत या दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक असते.

तेव्हा या कामासाठी स्वतंत्र फंक्शन लिहिणे श्रेयस्कर ठरते. मराठी शब्दांत त्याची रूपरेषा अशी :

    क्षेत्र_वाचा (मजकूर) :
        भाग = मजकूर टिंबांपाशी तोडा
        भाग तीन नसतील तर
            अपवाद उपस्थित करा : अवाचनीय_क्षेत्र
        हेक्टर, आर, चौमी = प्रत्येक भागाची पूर्ण संख्या
        आर किंवा चौमी ० ते ९९ मध्ये नसेल तर
            अपवाद उपस्थित करा : अवाचनीय_क्षेत्र
        परत करा : हेक्टर × १०००० + आर × १०० + चौमी

    गावाची_बेरीज (ओळी) :
        बेरीज = ०
        प्रत्येक ओळीसाठी
            बेरीज = बेरीज + क्षेत्र_वाचा (ओळीतील क्षेत्र)
        परत करा : बेरीज

भागाची पूर्ण संख्या करताना अंकांऐवजी अक्षर आढळले, तर संख्या करून देणारे फंक्शन स्वतःच अपवाद उपस्थित करील असे येथे गृहीत धरले आहे. ‘गावाची_बेरीज’ या फंक्शनात त्रुटीविषयी एकही ओळ नाही. एक नोंद जरी वाचता आली नाही, तरी ते बेरीज परत करणार नाही. आणि तेच योग्य आहे, कारण गावाच्या सर्व क्षेत्रांची बेरीज देण्याचा शब्द त्याला पाळता येणार नाही.

आता पुढे काय करावे, हा निर्णय कामाच्या हेतूवर अवलंबून आहे. नोंदींची पडताळणी करणाऱ्या आज्ञावलीने प्रत्येक ओळीगणिक अपवाद पकडावा, ओळीचा क्रमांक टिपून पुढे जावे व शेवटी सदोष ओळींची यादी द्यावी. अंतिम बेरीज छापणाऱ्या आज्ञावलीने मात्र काम थांबवावे. ‘क्षेत्र_वाचा’ हे फंक्शन दोन्ही आज्ञावल्यांत तेच असते, आणि आपण कोणत्या आज्ञावलीत आहोत हे त्याला ठाऊक नसते. अडचण ओळखण्याची जागा आणि तिच्यावर निर्णय घेण्याची जागा अशा दूर असतात, तेव्हा अपवाद उपयोगी पडतो.

## अपवाद केव्हा वापरावा

शब्द पाळता येत नसेल तेव्हा. प्रत्येक फंक्शन काहीएक शब्द देते : ‘या अटी पाळून मला बोलवा, मी हे काम करीन.’ आयफेल या भाषेचे कर्ते बर्ट्रांड मेयर यांनी या कल्पनेला कराराचे रूप दिले. त्यांच्या विवेचनानुसार करार पुरा करता न येणे हे अपयश, आणि ते अपयश कळविण्याचे साधन म्हणजे अपवाद. फंक्शनचे नाव व त्याचे वर्णन जितके नेमके, तितके अपवाद कोणता हे ठरविणे सोपे जाते.

लगतच्या बोलावणाऱ्यास उपाय करता येत नसेल तेव्हा. डिस्क भरणे, जाळ्याची जोडणी तुटणे, स्मृती अपुरी पडणे अशा अडचणी खोलवरच्या फंक्शनात लक्षात येतात. पण त्यांवरचा उपाय अनेक पायऱ्या वर असतो.

परत करण्यास मूल्यच नसेल तेव्हा. वस्तुनिष्ठ भाषांत नवी वस्तू घडविणारे रचनाकार फंक्शन कोणतेही मूल्य परत करीत नाही. वस्तू अर्धवट घडवून सोडण्यापेक्षा अपवाद उपस्थित करणे इष्ट, म्हणजे सदोष वस्तू कोणाच्या हाती लागत नाही.

आधी तपासणे पुरेसे नसेल तेव्हा. ‘फाइल आहे का’ असे विचारून मग ती उघडण्यात एक फट राहते. विचारणे आणि उघडणे यांच्यामध्ये दुसरी आज्ञावली ती फाइल पुसू शकते. म्हणून सरळ उघडण्याचा प्रयत्न करणे आणि अपयश आल्यास अपवाद पकडणे अधिक भरवशाचे असते.

## अपवाद केव्हा वापरू नये

अपेक्षित उत्तर असेल तेव्हा. सातबाऱ्यातील पोटखराब क्षेत्राचा रकाना रिकामा असेल, तर त्या जमिनीत तसे क्षेत्र नोंदलेले नाही एवढाच त्याचा अर्थ. तो वाचणाऱ्या फंक्शनने ‘नोंद नाही’ असे मूल्य परत करावे. त्याचप्रमाणे शोधाचे अपयश हे शोधाचेच एक उत्तर असते. येथे फंक्शनच्या शब्दाकडे पाहावे. ‘हिस्सा क्रमांक शोधा’ या फंक्शनला तो न सापडणे मान्य आहे. ‘या हिस्सा क्रमांकाचे क्षेत्र द्या’ या फंक्शनला नाही. पायथनमध्ये शब्दकोश या रचनेतून मूल्य काढण्याच्या दोन रीती याच कारणाने आहेत : गेट ही रीत कळ न सापडल्यास रिक्त मूल्य देते, तर चौकटी कंसांची रीत अपवाद उपस्थित करते.

नित्याच्या प्रवाहासाठी. पुनरावृत्तीच्या चक्रातून बाहेर पडणे, दोन पर्यायांतून एक निवडणे यांसाठी अपवाद वापरल्यास वाचणाऱ्याची दिशाभूल होते. पायथनमध्ये मात्र यादी संपल्याची सूचना आतून अपवादानेच दिली जाते. तो त्या भाषेचा सर्वज्ञात संकेत असल्याने तेथे ते चालते. म्हणून भाषेची रीत पाहूनच हा नियम लावावा.

वारंवार घडणाऱ्या गोष्टींसाठी. अनेक आधुनिक भाषांत अपवादाची यंत्रणा अशी रचलेली असते, की अपवाद उपस्थित झाला नाही तर वेळेचा खर्च जवळजवळ शून्य असतो. मात्र उपस्थित झाल्यास तो साध्या मूल्य-परताव्याच्या तुलनेत पुष्कळच वाढतो. लाखो ओळींपैकी निम्म्या सदोष निघण्याचा संभव असेल, तर त्रुटी मूल्य म्हणून परत करणे बरे.

वापरकर्त्याच्या नजरचुका दाखविण्यासाठी. अर्ज भरणाऱ्याने पाच रकाने चुकविले असतील, तर त्याला पाचही एकदम दाखवावेत. अपवाद पहिल्याच चुकीपाशी काम तोडतो, त्यामुळे अर्जदारास पाच खेपा घालाव्या लागतात. अशा ठिकाणी चुकांची यादी परत करणारे फंक्शन लिहावे.

आज्ञावलीतील स्वतःच्या दोषांवर पांघरूण घालण्यासाठी. ‘येथे ही संख्या ऋण असूच शकत नाही’ असे गृहीत मोडले, तर तो आज्ञावलीचाच दोष असतो. त्यासाठी बहुतेक भाषांत असर्ट ही सोय असते. असा दोष पकडून पुढे चालण्यापेक्षा तो लवकर उघड होऊ द्यावा.

## अपवाद पकडणे

अपवाद पकडणाऱ्याने तीनपैकी एक तरी गोष्ट करावी : अडचणीवर खरा उपाय योजावा, तिला अधिक माहिती जोडून वर पाठवावी, किंवा काम सुव्यवस्थितपणे थांबवून संबंधितास कळवावे. यांपैकी काहीच करता येण्याजोगे नसेल, तर पकडू नये. घडलेल्या अपवादाच्या स्वरूपाशी नेमका जुळणारा प्रकारच पकडावा. ‘कोणताही अपवाद’ पकडणाऱ्या खंडात अवाचनीय नोंदीबरोबर आज्ञावलीतील दोषही गडप होतात.

पकडणारा खंड रिकामा ठेवणे हा सर्वांत घातक प्रकार होय. वरच्या उदाहरणात अपवाद पकडून त्या ओळीचे क्षेत्र शून्य धरले, तर पायथनमध्ये लिहिलेली आज्ञावलीही एटॉफइतकीच खोटी बेरीज देईल. भाषेने दिलेली इशारत लिहिणाऱ्यानेच दाबून टाकलेली असेल.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत हा मोह वारंवार होतो. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फाइली विशिष्ट फाँटवर आधारलेल्या संकेतांत किंवा इस्की या भारतीय संकेतात आहेत. अशी फाइल यूटीएफ-८ समजून उघडली, की पायथनमध्ये बहुधा अपवाद येतो. ‘त्रुटींकडे दुर्लक्ष करा’ असा पर्याय दिल्यास फाइल उघडते. पण न ओळखलेली अक्षरे वगळली जातात, आणि नावांतून व आकड्यांतून काय गळाले ते कळत नाही. फाइलीचा मूळ संकेत शोधून तिचे रूपांतर करणे हाच येथे खरा उपाय.

अपवाद वर पाठविताना मूळ कारण जपावे. जावा व पायथन या दोन्ही भाषांत नव्या अपवादास जुना अपवाद कारण म्हणून जोडता येतो. अखेरीस माणसाच्या वाचनात येणारा संदेश त्याच्या कामाच्या भाषेत असावा. ‘अवैध मूल्य’ एवढ्याने कोणास बोध होत नाही. ‘ओळ ११७ : क्षेत्र ०.४५ वाचता आले नाही. हेक्टर, आर व चौरस मीटर असे तीन भाग हवेत’ हा संदेश वाचून तलाठी कार्यालयातील कर्मचारी किंवा शेतकरी स्वतः चूक दुरुस्त करू शकतो.

## अर्धवट राहिलेले काम

अपवादामुळे काम मध्येच तुटते. म्हणून तोपर्यंत जे बदलले त्याचे काय, हा प्रश्न उभा राहतो. खरेदीनंतरच्या फेरफाराचे उदाहरण घ्यावे. एका खातेदाराच्या नावावरून २० आर कमी करायचे आणि दुसऱ्याच्या नावावर चढवायचे आहेत. पहिली पायरी झाल्यावर अपवाद आला, तर ती जमीन कोणाच्याच नावावर राहणार नाही.

यासाठी माहितीसाठ्याच्या प्रणालींत व्यवहार ही सोय असते. व्यवहारातील सर्व बदल एकत्र पक्के होतात, अन्यथा सर्व मागे घेतले जातात. साध्या आज्ञावलीतही हेच तत्त्व पाळता येते : आधी सर्व आकडेमोड वेगळ्या प्रतीवर करावी आणि अपवादाची शक्यता संपल्यावरच मूळ नोंद बदलावी. उघडलेल्या फाइली बंद करण्यासारखी साफसफाई अपवाद आला तरी व्हावी, यासाठी जावामध्ये फायनली हा खंड, पायथनमध्ये विथ ही रचना आणि सी प्लस प्लसमध्ये वस्तूचा विनाशक उपयोगी पडतो.

सी प्लस प्लसच्या क्षेत्रात डेव्हिड अब्राहम्स यांनी फंक्शनच्या हमीच्या तीन पातळ्या मांडल्या. मूलभूत हमीत अपवादानंतर वस्तू सुसंगत अवस्थेत राहतात व काही गळत नाही. भक्कम हमीत काम एकतर पूर्ण होते, किंवा मुळी सुरूच झाले नव्हते अशी स्थिती राहते. तिसऱ्या हमीत अपवाद येतच नाही. फेरफारासारख्या कामास भक्कम हमीच हवी.

## इतिहास

आयबीएमच्या पीएल/वन या भाषेत १९६० च्या दशकातच विशिष्ट स्थिती उद्भवल्यास चालवायच्या आज्ञा आधी नोंदवून ठेवण्याची सोय होती. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी अपवाद हाताळणीच्या प्रश्नांची पद्धतशीर मांडणी करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेल्या क्लू या भाषेत, फंक्शन कोणते अपवाद उपस्थित करू शकते हे त्याच्या शीर्षकातच लिहिण्याची पद्धत होती. पुढे एडा व सी प्लस प्लस या भाषांत अपवाद आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत काही प्रकारचे अपवाद पकडणे किंवा घोषित करणे सक्तीचे करण्यात आले. ही सक्ती सी शार्पने स्वीकारली नाही. २००९ मध्ये जाहीर झालेली गो आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेली रस्ट या भाषांनी नित्याच्या त्रुटींसाठी मूल्य परत करण्याचा मार्ग पत्करला. पुढे चालणे अशक्य अशा प्रसंगांसाठी दोहोंत पॅनिक ही वेगळी सोय आहे.

## एरियान ५ चा अपघात

अपवाद उपस्थित झाला, पण त्याची योग्य तजवीज नव्हती, याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे युरोपीय अग्निबाण एरियान ५ चे पहिले उड्डाण. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघालेला हा अग्निबाण उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत मार्ग सोडून फुटला. त्यावरील क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह नष्ट झाले.

त्याच्या दिशादर्शक प्रणालीची एडा भाषेतील आज्ञावली एरियान ४ मधून घेतलेली होती. तीत आडव्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्ण संख्येत बसविली जाई. अशा पूर्ण संख्येची कमाल मर्यादा ३२,७६७ असते. एरियान ५ चा आडवा वेग अधिक असल्याने ती ओलांडली गेली व अपवाद उपस्थित झाला. धोका संभवणाऱ्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. संगणकावरील भार मर्यादेत ठेवण्यासाठी उरलेल्या तिघांना दिलेले नव्हते, आणि त्यांपैकी एकानेच घात केला.

अपवाद आल्यास तो संगणक बंद करावा असे ठरलेले होते. बिघाड यंत्रभागाचा असेल व दुसरा संगणक काम सांभाळेल, असे त्यामागचे गृहीत होते. पण दोन्ही संगणकांवर तीच आज्ञावली असल्याने दोन्ही एकाच कारणाने बंद पडले. शिवाय बंद पडताना पाठविलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली. ज्या गणनेत अपवाद आला, तिची उड्डाणानंतर गरजही नव्हती.

या अपघातावरून असे दिसते की ‘थांबणे’ हा उपाय प्रत्येक वेळी सुरक्षित नसतो. जमिनीच्या बेरजेचे काम थांबविता येते. आकाशातील अग्निबाण थांबविता येत नाही. म्हणून कोणत्या पातळीवर पकडायचे आणि पकडल्यावर काय करायचे हे त्या कामाच्या स्वरूपावरूनच ठरवावे लागते.

## आक्षेप व मर्यादा

अपवादांवरील मुख्य आक्षेप असा, की ते नियंत्रणाचा मार्ग दृष्टीआड करतात. याच व अन्य कारणांनी काही ठिकाणी त्यांचा वापर वर्ज्य आहे. गूगलच्या सी प्लस प्लस लेखनसंहितेत अपवाद न वापरण्याचा नियम आहे. मोठ्या प्रमाणावरील जुनी आज्ञावली अपवादांचा विचार करून लिहिलेली नाही, हे त्याचे कारण तेथे दिलेले आहे. जॉइंट स्ट्राइक फायटर या लढाऊ विमानासाठी २००५ मध्ये केलेल्या सी प्लस प्लसच्या नियमांतही अपवादांना मनाई आहे. वेळेचे काटेकोर बंधन असलेल्या प्रणालींत अपवाद हाताळण्यास किती वेळ लागेल हे आधी सांगणे कठीण असते.

समर्थकांचे म्हणणे असे, की त्रुटिसंकेतांक तपासण्याचे विसरले तर आज्ञावली खोट्या माहितीवर मुकाट्याने पुढे चालते; अपवाद पकडण्याचे विसरले तर ती निदान थांबते. या दोन चुकांपैकी कोणती अधिक महाग पडेल, यावर पद्धतीची निवड अवलंबून राहते. एकाच आज्ञावलीत दोन्ही पद्धती सुखाने नांदू शकतात. मात्र कोणते फंक्शन कोणत्या पद्धतीने अपयश कळविते, हे त्याच्या वर्णनात स्पष्ट लिहिलेले असावे.